न झालेला पावसाचा प्रवेश

सगळ्यात आधी एक कबूल करते. या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर भरपूर चेष्टा केलेली आहे. पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्येला नेमकी घाटात बंद पडलेली स्कूटर... मोठ्याने वाचायचं आणि नवऱ्याला हसवायचं, हा आमच्याकडचा रविवारचा कार्यक्रम. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. दिवा लागला तर का लागला आणि नाही लागला तर का नाही, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं म्हणजे आजही नाही. पण मग त्या रविवारी दुपारी जे झालं — म्हणजे जे झालंच नाही — त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. 

काळ मोबाइल यायच्या आधीचा. हे आत्ताच सांगते, म्हणजे 'व्हिडिओ असेल तर टाका' असं कोणी लिहिणार नाही. मी नुकती नोकरीला लागले होते, आम्ही कसबा पेठेत राहायचो, आणि संध्याकाळी मी एका नाटक कंपनीत लाइट्स करायचे. कंपनीचं नाव देत नाही. जुन्या मंडळींना ओळखू येईलच, कारण पुण्यात तसला वेडेपणा करणारे आम्ही एकटेच होतो. चारशे वर्षांपूर्वीचा विलायतेतला तो थोर नाटककार... आम्ही फक्त त्याचीच नाटकं करायचो. मराठीत! कंपनीत त्याचं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला 'थोरले साहेब' म्हणायचे.

कंपनी वसुधाताईंची. भाषांतर त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि ढगांचा गडगडाटही त्यांचाच. म्हणजे वादळाच्या प्रवेशात विंगेत एक भलामोठा पत्रा टांगलेला असायचा, तो दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा. हे काम त्या कोणाला करू देत नसत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई, पण पत्रा हातात आला की अंगात यायचं. आणि जीभ अशी की एखाद्याचं काम वाईट झालं तर म्हणायच्या, "छान. घरी कोणाला सांगितलं नाहीस ना, नाटकात आहेस म्हणून?"

आमची अवस्था तेव्हा फारच बिकट होती. थोरली राजकन्या मुंबईला मालिकेत गेलेली. मधली लग्न करून नाशिकला. प्रॉम्प्टर रुसून गेला तो गेलाच. मागच्या प्रयोगाला तर समोरच्यापेक्षा स्टेजवर माणसं जास्त होती, आणि समोरची निम्मी पंख्याखाली झोपायला आलेली. नाटक म्हाताऱ्या राजाचं. तो सगळं राज्य मुलींना वाटून टाकतो, मुली त्याला दाराबाहेर काढतात, आणि मग तो आणि त्याचा विदूषक भर वादळात माळावर भटकत राहतात. हा पावसाचा प्रवेश म्हणजे त्या नाटकाचा जीव. तो पडला की नाटक पडलं.

आणि तो पडत होता. कारण आबा.

आबा म्हणजे आमचा राजा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि आयुष्यभर संध्याकाळी नाटक केलं. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आपल्याच कानात बोलतायत. पण गेल्या काही महिन्यांत त्यांना विसरायला होत होतं. चष्मा, किल्ल्या ठीक आहे हो, पण संवाद! बाकीचं नाटक ते कसंबसं निभावायचे, पावसाच्या प्रवेशात मात्र पाटी कोरी. गेल्या प्रयोगात तर मधेच थांबून त्यांनी विदूषकाला विचारलं, "पुढे काय रे?" लोक हसले. त्यांना वाटलं राजा वेडा झालाय.

वसुधाताई हसल्या नाहीत. मेकअपच्या खोलीत माझ्यासमोर त्यांनी आबांना सांगितलं, "आबा, रविवारी पावसाचा प्रवेश धड झाला नाही, तर पुढचा राजा समीर करेल."

समीर म्हणजे आमचा विदूषक. इंजिनिअरिंगचा पोरगा, हुशार, आणि राजाचं काम त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आबांनाही.

आबा खोटी दाढी चिकटवायचा गम बोटाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "नाही झाला तर मुकुट मी माझ्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवीन. पण ताई... हा प्रवेश गेला ना, तर मग मी संध्याकाळी करायचं काय?"

वसुधाताईंनी गमाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि त्या बाहेर गेल्या.  मला आबांसाठी इतकं वाईट वाटलं की मी बाहेर जाऊन उगाचच वायरी गुंडाळत बसले.

तर रविवारचा प्रयोग. दुपारचा, कारण दुपारी नाट्यगृह मिळायचं. त्या दिवशी समोर दोन खास माणसं होती. एक पोपटराव. कर्वेनगरच्या पलीकडे यांचं गाव, शहरात सामील झालेलं. शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पोपटरावही उभे राहिले, आणि आता त्यांना नाटकं विकत घेऊन गावोगाव लावायचा नाद लागला होता. त्यांना प्रयोग आवडला तर आमचा दौरा, नाही तर कंपनीला टाळं. दुसरी खास व्यक्ती म्हणजे माझी अम्मी. तिने उभ्या जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. "तू वहां जाके रोज करती क्या, एक बार देखना है मेरेकू," म्हणून हट्टाने आली आणि पासावर पहिल्या रांगेत बसली. घरी आम्ही अशी निम्मी मराठी हिंदी बोलतो.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. पावसाच्या आधीचा प्रवेश म्हणजे मुलीच्या वाड्याबाहेरचा. मुलगी आत, राजा आणि विदूषक बाहेर. राजा ओरडतो, "दार लावून घ्या!" आणि अंधार. मग गडगडाट, विजा, पाऊस. तो झाला की पुन्हा अंधार, आणि मग झोपडीचा प्रवेश. तिथे राजा थकून आत येतो आणि तेच वाक्य हळू आवाजात म्हणतो, "दार लावून घ्या." त्यावर विदूषक म्हणतो, "महाराज, शेकोटीजवळ या." तेच वाक्य आधी रागाने, नंतर दमून. वसुधाताईंना या गोष्टीचा फार अभिमान होता.

आणि आमच्या कंपनीचा एक नियम होता. स्टेजवर एखादा चुकून पुढच्या पानावर गेला, तर त्याला मागे ओढायचं नाही. सगळ्यांनी त्याच्याबरोबर पुढे जायचं. चुकणारा एकटा पडता कामा नये. नाटकवाल्यांची ही चूक नेहमीची आहे, तिला आम्ही 'उडी' म्हणायचो. एकाने उडी मारली की सगळ्यांनी मारायची, आणि लाइटवाल्यांनीसुद्धा.

लाइट्सचा बोर्ड डाव्या विंगेत, त्यामुळे मी तिथे. माझ्या शेजारी पत्रा धरून वसुधाताई. माझ्या बोर्डाच्या बाजूला खुंटीवर राजाची शाल, कारण वाड्याच्या प्रवेशानंतरच्या अंधारात आबा विंगेत येऊन ती घ्यायचे आणि पावसात जायचे. वीज चमकवायला माझ्याकडे वेगळा खटका होता. माझं एक बोट त्यावर. वसुधाताईंच्या हाताच्या शिरा ताठ. 

स्टेजवर आबा बंद दारासमोर उभे राहिले. ओरडायचं होतं. त्यांनी श्वास घेतला... आणि त्यांचे डोळे रिकामे झाले. ते मी स्पष्ट पाहिलं. मग अगदी हळू, दमलेल्या आवाजात ते म्हणाले, "दार लावून घ्या."

झोपडीतलं वाक्य!

समीरने विंगेकडे एकदा पाहिलं. एका क्षणाचा प्रश्न. मग त्याने आबांचा हात धरला आणि म्हणाला, "महाराज, शेकोटीजवळ या."

उडी! मी धावपळ करून झोपडीचा तांबूस प्रकाश आणला. शेकोटी मांडलेलीच नव्हती, तरी दोघं नसलेल्या शेकोटीजवळ बसले. मी शेजारी पाहिलं. वसुधाताई अजून पत्रा घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पत्रा इतका स्थिर होता की त्यात मला माझा चेहरा दिसत होता. शाल खुंटीवर. माझं बोट खटक्यावर, न दाबलेलं. पावसाचा प्रवेश अख्खा गळला होता, आणि त्याच्याबरोबर आबाही.

झोपडीनंतर मध्यंतर. पडदा पडला तसे आबा कोणाकडे न बघता मेकअपच्या खोलीत गेले. मी घड्याळाकडे पाहिलं. प्रवेश गळला म्हणजे मध्यंतर लवकर झालं असणार, आणि कँटीनवाले ओरडणार, कारण त्यांचे वडे प्रयोगाच्या हिशोबाने तळलेले असत. पण घड्याळात नेहमीचीच वेळ! मला वाटलं आज सुरू करायलाच उशीर झाला असेल. तशी मी चहा आणायला बाहेर गेले. वडे गरमागरम परातीत तयार होते.

आणि लोक बोलत होते. एरवी आमच्या मध्यंतरात लोक वड्याबद्दल बोलायचे. आज... "काय सीन केलाय हो!" "अंगावर काटा आला." एक जाड चष्म्याचे गृहस्थ बायकोला सांगत होते, "अगं, ती वीज कडाडली तेव्हा मी खुर्चीला धरलं." मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या नाटकाबद्दल चाललंय. तेवढ्यात पोपटराव समोर आले, हातात वडा, डोळे लाल.

"लाइटवाल्या बाई तुम्हीच ना? काय त्या इजा हो! आन् त्यो पाऊस... ह्ये खरं हाय, म्या वर बघितलं, छप्पर गळतंय का म्हून! राजानं डोक्यावरचा मुकुट काढून उलटा धरला, पावसाचं पानी साठवलं आन् त्या इदूषकाला पाजलं... माझा बा आठवला मला."

मी चहा तिथेच ठेवला आणि आत पळाले. अक्षरशः पळाले!

"वसुधाताई, लोकांनी पावसाचा प्रवेश पाहिलाय!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर रडली असती. "निलोफर, हे पुणं आहे. न झालेल्या प्रवेशाचं कौतुक करणं हा इथला सगळ्यात सभ्य अपमान आहे."

"अहो पण पोपटराव रडलेत! आणि मुकुटात पाणी..."

"कसला मुकुट? कसलं पाणी? आपल्या प्रवेशात असलं काही नाहीये."

नव्हतंच. तेच तर! आमच्या तालमीत राजा मुकुट फेकून देत असे. पाणीबिणी कधी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. समीर तोंड उघडं टाकून ऐकत होता. वसुधाताईंनी आम्हाला गप्प केलं, उरलेलं नाटक होऊ दे म्हणाल्या. उत्तरार्ध झाला, आणि शेवटचा पडदा पडला तेव्हा अशी टाळी पडली की माझ्या बोर्डावरचे दिवे थरथरले. लोक उभे राहिले होते. आमच्यासाठी! आमच्यासाठी आजवर लोक उभे राहिले होते ते फक्त लवकर घरी जायला.

मेकअपच्या खोलीत आबा आरशासमोर बसलेले. दाढी अर्धी काढलेली, मुकुट मांडीवर. समीर आत आला तसा त्यांनी तो उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "घे. शब्द दिला होता."

समीर घेईना. आणि तेवढ्यात दार ढकलून लोक आत आले. एक, दोन, दहा... आबांचे हात हातात घेत, पाया पडत, पावसाच्या प्रवेशाबद्दल बोलत. आबा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ते उठून उभे राहिले आणि जवळजवळ ओरडलेच, "अहो, मी तो प्रवेश गाळला! मला पक्कं आठवतंय! सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी पक्कं आठवतंय, आणि तुम्ही म्हणता तेच खोटं?"

लोक हसले. विनय म्हणून घेतलं त्यांनी. पोपटरावांनी तर आबांना मिठीच मारली. "दौरा पक्का समजा. पर राजा ह्योच पायजे. आन् त्यो पाऊस तसाच पायजे. त्यात काय बी बदल नको."

गर्दी ओसरली. खोलीत उरलो आम्ही चौघं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर माझी अम्मी. आबा पुन्हा बसले. "ताई, मी हे घेऊ शकत नाही. जे केलं नाही त्याची टाळी कशी घेऊ?"

वसुधाताईंनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "आबा, आपण विंगेत काय केलं याला कोणी तिकीट काढत नाही. त्यांनी पाहिला ना प्रवेश? मग आता तो आपल्याला करायला हवा." आणि वळून अम्मीला म्हणाल्या, "आपण पहिल्या रांगेत होतात. नाटकाची गोष्ट आधी माहीत होती?"

"नाही हो," अम्मी म्हणाली. "हिने घरी काय सांगितलंच नाही. राजा आहे आणि तीन मुली आहेत, एवढंच."

"मग पावसात काय झालं ते सांगा. पहिल्यापासून."

आणि अम्मीने सांगितलं! राजा आला. मग वीज. मग राजाने शाल आधी स्वतःच्या डोक्यावर घेतली, दोन पावलं गेला, थांबला, मागे वळून पोराला बघितलं आणि शाल त्याच्या अंगावर टाकली. शालीच्या पदराने त्याचे केस पुसले, लहान मुलाचे न्हाऊ घातल्यावर पुसतात तसे. मग मुकुट. मग राजा चिखलात मांडी घालून बसला आणि आभाळाशी भांडला.  पण शाल त्या वेळी कुठे होती हे मला माहीत होतं. मी तिच्या शेजारी उभी होते.

आता खरी मजा पुढे आहे. दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली, तांबट आळीजवळच्या आमच्या खोलीत. खाली भांडी ठोकण्याचा आवाज, वर आमचं वादळ. आणि मधोमध खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन, माझी अम्मी! जिने परवापर्यंत नाटक पाहिलं नव्हतं ती वसुधाताईंच्या शेजारी बसून सांगतेय, "नाही नाही, असं नाही. राजा आधी थांबला. लगेच नाही वळला. त्याला आधी लाज वाटली, मग वळला." आणि वसुधाताई, ज्यांना समीक्षकाचंही कधी ऐकवत नसे, त्या मान डोलावतायत! "ऐकलंत ना आबा? आधी लाज."

पहिल्या दिवशी आबांना जमलं नाही. ते हताश होऊन म्हणाले, "ताई, कृती लक्षात राहील हो, पण शब्द?" अम्मीला शब्द काही सांगता येत नव्हते. ती म्हणाली, "तुम्ही आधी केस तर पुसा." आबांनी समीरचे केस पुसायला सुरुवात केली, आणि पुसता पुसता त्यांच्या तोंडून वाक्य आलं. त्याच्यामागून दुसरं. मुकुट उलटा धरला आणि अख्खं आभाळाशी भांडण बाहेर पडलं, एकही शब्द न अडखळता! समीर शालीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "आबा, आलं! सगळं आलं!" मी टाळ्या पिटत होते आणि वसुधाताई नाक पुसत म्हणत होत्या, "ठीक आहे, ठीक आहे, इतकं काही झालेलं नाही." समीरने त्या दिवशी स्वतःहून वसुधाताईंना सांगितलं की राजा आबाच करतील. त्याचं तोंड जरा उतरलं होतं, पण मनापासून सांगितलं.

दौऱ्याचा पहिला प्रयोग पुन्हा त्याच नाट्यगृहात, दुपारीच. पोपटरावांनी पहिल्या तीन रांगा गावच्या लोकांनी भरलेल्या. अम्मी आपल्या जागेवर. वाड्याचा प्रवेश आला. आबा दारासमोर उभे राहिले. माझं बोट खटक्यावर. शेजारी वसुधाताई पत्रा धरून काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं की थोरल्या साहेबांचं नाव घेत होत्या कोण जाणे. आबांनी श्वास घेतला. थांबले. मला वाटलं, गेलं... आता पुन्हा उडी...

"दार लावून घ्या!"

असा आवाज की सेटवरचं कापडी दार हललं! अंधार. आबा विंगेत आले, माझ्या बाजूची शाल ओढून घेतली, अंधारात माझा खांदा दाबला आणि गेले. वसुधाताईंनी पत्रा असा हलवला की त्याचा वरचा एक हूक तुटला. मी विजेमागून वीज सोडत होते. शाल, केस, मुकुट, चिखल... सगळं झालं, शब्दांसकट, शेवटपर्यंत. मी रडत होते आणि हसत होते आणि लाइट्स बरोबर देत होते, हे तिन्ही एकदम.

प्रयोगानंतर पुन्हा तीच गर्दी. पण आबांचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ते एका माणसाला शोधत होते. अम्मी आत आली तसे ते उठून तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे. "ताई, जमलं का? त्या दिवशीसारखं?"

"जमलं भाऊ," अम्मी म्हणाली. "खूप छान केलंत. त्या दिवशीच्या त्यांनीपण छान केलं होतं, पण मला आज जास्त आवडलं."

वसुधाताई थबकल्या. "त्या दिवशीच्या... कोणी?"

"ते दुसरे हो. पावसात आलेले. यांच्यापेक्षा जरा उंच होते ना?" अम्मीने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. आमची तोंडं बघून ती गोंधळली. "मला वाटलं नाटकात असंच असतं. एक दमला की थोडा वेळ दुसरा येतो."

  ते कोण, कसे दिसत होते, विदूषक तरी समीरच होता का... नंतर किती वेळा विचारलं! अम्मीला उंचीपलीकडे काही सांगता आलं नाही. "अंधार होता गं, पाऊस होता," एवढंच. बाकी कोणालाच दुसरा राजा दिसला नव्हता. पोपटराव शेवटपर्यंत शपथेवर सांगायचे की दोन्ही वेळा आबाच होते.

मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. एवढ्या लोकांना एकाच वेळी तोच भास झाला म्हणावं, तर तो मुकुट सगळ्यांनाच उलटा कसा दिसला? आम्हीच चौघं त्या वेळी कुठेतरी हरवलो होतो म्हणावं, तर शाल खुंटीवरून हललीच नव्हती. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले अभ्यास करा. केला. काही हाती लागलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, चेष्टा केली तरी चालेल, माझी तेवढी पात्रता आहेच.

पण मला त्या खोलीतला पुढचा क्षण सांगायचाय. आम्ही सगळे गारठून उभे, आणि आबा? आबांचा चेहरा हळूहळू असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी अम्मीला पुन्हा विचारलं, "ताई, आज मात्र मीच होतो ना? नक्की?"

"हो की. आज तुम्हीच होतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"म्हणजे आजचा माझा!" आबा ओरडले आणि दाढी लटकत असताना, मुकुट हातात घेऊन, बाहेर गर्दीत धावले. पॅसेजमधून त्यांचा आवाज येत होता. भेटेल त्याला ते सांगत होते, "आजचा मी केला बरं का! आजचा मीच केला!"